टाच दुखते, पण नेमकी कुठे?

टाचदुखीविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. सारखेच प्रश्न असलेली पत्रे एकत्र केली असून, मजकूर थोडक्यात घेतला आहे. बहुतेकांनी टाच दुखते एवढेच लिहिले आहे. ज्यांनी ती टाचेच्या तळाशी दुखते की मागच्या बाजूला, सकाळी दुखते की चालून आल्यावर, हे लिहिले, त्यांना मला अधिक नेमके उत्तर देता आले. तरीही पत्रावरून बांधलेला अंदाज प्रत्यक्ष तपासणीइतका पक्का नसतो, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी ४६ वर्षांची शिक्षिका आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की उजव्या टाचेत जोराची कळ येते. थोडे चालल्यावर ती कमी होते, पण दिवसभर वर्गात उभे राहिल्यावर संध्याकाळी टाच पुन्हा ठणकू लागते. सात महिने हे चालू आहे. एक्स-रे काढला, त्यात टाचेचे हाड वाढल्याचे सांगितले. हे हाड काढावे लागेल का? मी रोज तळव्याखाली बाटली फिरवते आणि मिठाच्या गरम पाण्यात पाय शेकते. – एक वाचक, बार्शी

उत्तर : हाड काढावे लागणार नाही, हे आधी सांगतो, कारण पत्रातली खरी धास्ती तीच दिसते. एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखे दिसणारे ते वाढलेले हाड, ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा अनेकांच्या पायातही सापडते; उलट तुमच्यासारखीच लक्षणे असलेल्या कित्येकांच्या एक्स-रेमध्ये ते नसते. टाच पूर्ण बरी झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला तर हाड जसेच्या तसे दिसते. म्हणून त्या फोटोकडे पाहून पाऊल टाकायलाच घाबरू नका.

तुम्ही वर्णन केलेला त्रास बहुधा प्लांटर फेशिया या पट्ट्याचा आहे. टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूपासून निघून पाचही बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा हा जाड, चिवट पट्टा पायाची कमान तोलून धरतो. खुर्चीवर बसून एका हाताने पायाचा अंगठा वर ओढा आणि दुसऱ्या हाताचे बोट तळव्याच्या कमानीवर फिरवा. ताणलेली दोरी हाताला लागते, तोच हा पट्टा. बोटे वर वळली की हा पट्टा बोटांच्या मुळांभोवती गुंडाळला जाऊन ताठ होतो आणि कमान उचलली जाते, ही यंत्रणा ब्रिटिश संशोधक जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली मांडली. चालताना प्रत्येक पावलाला टाच उचलतेवेळी हेच घडते, म्हणजे दिवसातून हजारो वेळा. रात्रभर पाऊल खाली झुकलेले राहते, पोटरी आणि हा पट्टा आखडलेल्या अवस्थेत विसावतात, आणि सकाळी पहिल्याच पावलाला त्यांच्यावर अंगाचा सगळा भार येतो. पहिल्या पावलाची कळ ती हीच.

या दुखण्याला आजवर सूज मानले गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले या पट्ट्याचे नमुने तपासले असता मात्र त्यांत सूज फारशी आढळली नाही; झीज झालेले, विस्कटलेले तंतू आढळले. त्यामुळे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. विस्कटलेल्या तंतूंना पुन्हा भार पेलायला शिकवावे लागते आणि तो भार बेताबेताने वाढवावा लागतो. शेकणे आणि बाटली फिरवणे यांत गैर काही नाही, त्याने आराम पडत असेल तर जरूर करा. मात्र सात महिने तेवढ्यावरच थांबल्यामुळे तुमची टाच आहे तिथेच राहिली आहे, असे माझे मत आहे.

अंथरुणातून उतरण्यापूर्वीच पहिला व्यायाम करा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवा, हाताने पाचही बोटे मुळाशी धरून नडगीच्या दिशेने ओढा आणि तळवा ताणला गेला आहे ना, हे दुसऱ्या हाताने चाचपून पाहा. दहापर्यंत मोजून सोडा, असे दहा वेळा. दिवसातून तीनदा हे करायचे असले, तरी पहिली खेप पाय जमिनीला लागण्याआधीचीच असावी. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच न उचलता पुढे झुका. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीचे दोन स्नायू वेगवेगळ्या स्थितीत ताणले जातात.

दोन आठवड्यांत सकाळची कळ थोडी ओसरली की ताकदीचा व्यायाम सुरू करा. माझ्या दृष्टीने उपचाराचा गाभा तोच, आणि लोक नेमका तोच टाळतात. जिन्याच्या पायरीवर चवडा टेकवून उभे राहा, टाच मोकळी असू द्या, आणि बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा म्हणजे बोटे वर वळलेली राहतील. कठड्याला धरून, तीन मोजेपर्यंत सावकाश टाच उचला, दोन मोजेपर्यंत वर थांबा आणि तीन मोजेपर्यंत सावकाश खाली या. बारा वेळा केल्यावर पाय थकला पाहिजे; मध्ये विश्रांती घेऊन अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सुरुवातीला एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर करा, आणि पुढे सोपे वाटू लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरून वजन वाढवा. शिक्षिकेच्या घरी पुस्तकांना तोटा नसावा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात या पद्धतीने व्यायाम करणारे रुग्ण तीन महिन्यांनंतर केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगल्या स्थितीत होते. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच होते, हेही सांगितले पाहिजे. फायदा लवकर बरे होण्याचा आहे.

व्यायाम करताना थोडे दुखले तर चालेल. दहापैकी चारपर्यंतचे दुखणे मी चालवून घेतो. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावले आदल्या दिवसापेक्षा जड गेली, तर भार जास्त झाला असे समजून पुस्तके कमी करा, व्यायाम बंद करू नका.

राहिला प्रश्न दिवसभराचा. घरात फरशीवर अनवाणी वावरणे काही महिने सोडा आणि मऊ, टाचेकडे एक-दोन सेंटिमीटर उंच असलेली चप्पल घरातही वापरा. स्वयंपाकघरात चप्पल चालत नसेल, तर फक्त घरात वापरण्याचा वेगळा जोड ठेवा. ओट्यासमोर जाड पायपुसणे अंथरले तरी फरक पडतो. शाळेत प्रत्येक तासिकेला दहा मिनिटे बसून शिकवा. बुटात घालायचा तयार मऊ तळ दुकानात मिळतो, तो बहुतेकांना पुरतो. माप घेऊन बनवलेल्या महागड्या तळाने त्याहून विशेष जास्त साधत नाही. तळव्याला चिकटपट्टी बांधण्याची एक पद्धत आहे, तिने पहिले एक-दोन आठवडे चांगला आराम मिळतो. ती जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. संपूर्ण बरे व्हायला कित्येक महिने लागतात, पण त्या महिन्यांत दुखणे उतरत जाते.

प्रश्न : टाचेसाठी अल्ट्रासाऊंड मशीनचे दहा दिवस घेतले, गुण आला नाही. आता शॉकवेव्ह घ्या असे एकाने सांगितले आणि दुसऱ्याने इंजेक्शन. काय करावे? – दोन वाचक, नागपूर आणि ठाणे

उत्तर : अल्ट्रासाऊंड मशीनने टाचेचे दुखणे व्यायामापेक्षा अधिक बरे होते, याला चांगला पुरावा नाही, आणि दहा दिवस पलंगावर झोपून मशीन लावून घेण्यात वेळ व पैसा जातो तो वेगळाच. आम्हा फिजिओथेरपिस्टांच्या व्यवसायात हे अजूनही सर्रास चालते, हे कबूल केले पाहिजे. शॉकवेव्हची, म्हणजे दुखऱ्या जागी यंत्राने दाबलहरींचे ठोके देण्याच्या उपचाराची, गोष्ट निराळी आहे. सहा महिन्यांहून जुने आणि नीट केलेल्या व्यायामांनाही न जुमानणारे दुखणे असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो. साधारणतः आठवड्याला एक याप्रमाणे तीन ते पाच वेळा ती देतात, ती देताना दुखते, आणि गर्भारपणात किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना ती सहसा देत नाहीत. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे लक्षणीय आराम पडतो, पण पुढच्या काही महिन्यांत तो फायदा विरतो. शिवाय टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा आणि क्वचित तो पट्टाच तुटण्याचा धोका असतो. म्हणून आधी तीन महिने वरचे व्यायाम मनापासून करा. केले असतील, तर कसे केले ते एकदा कोणाला तरी करून दाखवा; बारा वेळांच्या जागी घाईघाईने तीस वेळा करणारे मी नेहमी पाहतो.

प्रश्न : वय ५८, शेतकरी. आषाढी वारीहून आल्यापासून टाचेच्या मागच्या बाजूला, बुटाची कड लागते तिथे दुखते आणि गाठीसारखे लागते. पोटरी मोकळी व्हावी म्हणून पायरीवर उभा राहून टाच खाली सोडतो, पण त्याने दुखणे वाढते. पुढच्या वर्षी माउलींबरोबर चालता येईल का? – एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : चालता येईल, पण तयारी आतापासून करावी लागेल, आणि पायरीवरून टाच खाली सोडणे आजच थांबवावे लागेल.

पोटरीचे स्नायू ज्या जाड दोरीने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात, ती अकिलिस टेंडन दोन ठिकाणी दुखते. एक, टाचेपासून चार-पाच सेंटिमीटर वर, मधल्या भागात; आणि दुसरे, तुमच्यासारखे, हाडाला चिकटते तिथे. उपचार दोन्हींचा सारखा नाही. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली पायरीवरून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम मधल्या भागाच्या दुखण्यासाठी मांडला. पंधरा वेळांच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. तो इतका गाजला की आता सर्वच टाचदुखीवर सांगितला जातो. टाच पायरीच्या खाली गेली की टेंडन हाडावर दाबली जाते, आणि दुखणे हाडाजवळचेच असेल तर तो दाब नेमका दुखऱ्या जागीच पडतो. तुमचे दुखणे वाढते ते यामुळेच.

म्हणून सगळे सपाट जमिनीवर करा. पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही चवड्यांवर, टाचा थोड्याच उचलून, पाऊण मिनिट स्थिर उभे राहा. असे पाच वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटे थांबून. पुढे टाच सावकाश उचलणे आणि सावकाश जमिनीला टेकवणे, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग खांद्यावर ओझे घेऊन. पोटरी ताणण्याचे व्यायाम सध्या नकोत, आणि उकिडवे बसून खुरपणी करतानाही टेंडन तशीच दाबली जाते, तेव्हा जमेल तिथे बुटका पाट किंवा पोते घेऊन बसा. पादत्राणात दोन्ही टाचांखाली सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर जाडीची गादी घाला; एकाच पायाला घातली तर कंबर कुरकुरते. मागची कड कडक असलेला बूट काही दिवस बाजूला ठेवा.

अलीकडे ताप किंवा लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लोक्सासिन किंवा लिव्होफ्लोक्सासिन यांसारखे प्रतिजैविक घेतले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधांमुळे टेंडन दुखू शकते, क्वचित तुटतेही, आणि साठीच्या पुढे तो धोका वाढतो. चालताना मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटून चवड्यावर उभेच राहता आले नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

आता वारी. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि ते रोजच्या रोज चालायचे. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला ताकदीची वाण नसते, पण शेतातले चालणे तुकड्यातुकड्याने आणि मऊ मातीवर होते. डांबरी रस्त्यावर सलग चार-पाच तास चालण्याची सवय टेंडनला वेगळी लावावी लागते. गुढीपाडव्यापासून सुरुवात केली, तर माउलींच्या पालखीच्या प्रस्थानापर्यंत, म्हणजे ज्येष्ठ वद्य अष्टमीपर्यंत, अधिक मास नसलेल्या वर्षी जवळजवळ बारा आठवडे हाती असतात. आठवड्यातून चार दिवस चालावे, तीन किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला थोडे वाढवावे, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत लागोपाठ दोन दिवस पंधरा किलोमीटरपर्यंत जाऊन पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच आखडली आणि अर्ध्या तासातही मोकळी झाली नाही, तर त्या आठवड्याचे अंतर मागच्या आठवड्याइतकेच ठेवावे. दिवे घाटाचा चढ लक्षात ठेवा. चढावर प्रत्येक पावलाला पाऊल वर वाकते आणि टेंडन हाडावर दाबली जाते. तिथे पावले लहान टाका, टाचेखालची गादी काढू नका.

प्रश्न : माझा ११ वर्षांचा मुलगा फुटबॉल खेळतो. सामना झाला की दोन्ही टाचा धरून बसतो, लंगडतो. खेळणे बंद करावे का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : कोल्हापुरात ११ वर्षांच्या मुलाचा फुटबॉल बंद करणे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे, आणि त्याची गरजही बहुधा पडणार नाही. या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून मुख्य हाडाशी पूर्ण जुळलेला नसतो, मध्ये वाढीचा कूर्चेचा थर असतो, आणि उंची झपाट्याने वाढत असताना पोटरीची ओढ त्या थरावर पडते. जेम्स सीव्हर या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांनी १९१२ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून याला सीव्हरचा आजार म्हणतात. तुम्हीच तपासून पाहा : टाच मागच्या बाजूने दोन्ही कडांना तळहातांत धरून दाबली की मुलगा कळवळेल. हा आजार कायमचे नुकसान करत नाही. हाड जुळले की, म्हणजे साधारण पंधराव्या वर्षाच्या आसपास, तो आपोआप संपतो, आणि पुष्कळदा त्याआधीच शमतो. तोवर आठवड्यातले खेळाचे दिवस कमी करा, एकाच वेळी शाळा, क्लब आणि गल्ली अशा तीन संघांतून खेळणे थांबवा, बुटात टाचेखाली मऊ गादी घाला, आणि कडक, सुकलेल्या मैदानावर खिळ्यांचे बूट घालू देऊ नका. खेळल्यावर लंगडत असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. एकच टाच सतत दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, सुजली असेल किंवा ताप असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वय ७१. टाचेच्या अगदी मध्यभागी ठेचल्यासारखे दुखते. सकाळी उठताना काही होत नाही. देवळात अनवाणी प्रदक्षिणा घातल्या की दुखते. वीट तापवून त्यावर रुईचे पान ठेवून टाच शेकावी असे शेजारी सांगतात. मला मधुमेह आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : वीट अजिबात नको. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते आणि चटका बसलेला कळत नाही. अशा भाजण्यातून न भरणाऱ्या जखमा होतात. रुईचा चीक कातडीला आग करतो आणि हाताने डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो. मधुमेह नसलेल्यांनाही मी शेकायचे तर कोमट पाणीच सांगतो.

टाचेखाली चरबीची एक गादी असते, लहान लहान कप्प्यांत बांधलेली, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर जाडीची. वयानुसार तिचा लवचिकपणा कमी होतो, आणि कठीण फरशीवर अनवाणी चालताना हाड थेट टेकल्यासारखे दुखते. ही गादी व्यायामाने पुन्हा भरून येत नाही, आणि इंजेक्शनने अधिक पातळ होण्याची भीती असते. तेव्हा इलाज म्हणजे तिला बाहेरून आधार. टाचेला सर्व बाजूंनी धरून ठेवणारा सिलिकॉनचा खोलगट कप मिळतो, तो चपलेत न घालता मागे कड असलेल्या बुटात घाला, म्हणजे सरकत नाही. चरबी मध्यभागी गोळा करून धरणारी चिकटपट्टीही बांधता येते, पण तुमच्या बाबतीत कातडी आधी तपासून मगच. देवळात जाड मोजे चालत असतील तर ते घाला, नाहीतर प्रदक्षिणा कमी करा. रोज रात्री तळवे नीट पाहा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून पाहा, आणि तळव्याची संवेदना वर्षातून एकदा तपासून घ्या. टाचेत आग किंवा मुंग्या असतील तर तो नसांचा प्रश्न असू शकतो, तेही त्याच वेळी सांगा.

प्रश्न : वय २७, संगणक क्षेत्रात नोकरी. आठ महिने दोन्ही टाचा दुखतात. दोन महिने फिजिओथेरपी घेतली, फरक नाही. सकाळी कंबरही तासभर आखडलेली असते, हालचाल सुरू झाली की मोकळी होते. पहाटे कंबरदुखीने जाग येते. – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या टाचांसाठी मी या सदरात एकही व्यायाम सांगणार नाही. तरुण वय, दोन्ही टाचा, आणि विश्रांतीने वाढणारी व हालचालीने कमी होणारी कंबर, हे एकत्र आले की अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या गटातील, पाठीचा कणा आखडवणाऱ्या संधिवाताची शंका घ्यावी लागते. या आजारात टेंडन आणि पट्टे हाडाला चिकटतात त्या जागी खरोखरची सूज येते, आणि टाच ही या आजाराची आवडती जागा. संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. ते रक्ताच्या काही तपासण्या, त्यांत एचएलए-बी२७ ही आनुवंशिक खूण शोधणारी तपासणी, आणि गरज वाटल्यास माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय सांगतील. केवळ एक्स-रे निर्दोष आला म्हणून थांबू नका, कारण सुरुवातीच्या काळात त्यात काही दिसत नाही. डोळा लाल होऊन दुखला असेल, सोरायसिस किंवा वारंवार जुलाब असा त्रास असेल, किंवा घरात कोणाला हा आजार असेल, तर तसे लिहून न्या. निदान झाल्यावर औषधांबरोबर पाठीचा व्यायाम आयुष्यभर लागतो, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा या, पण त्या निदानाचा कागद घेऊन.